पोट दिसायच्या आधीचे आठवडे: नोकरी, पहिली तिमाही आणि पुढची आखणी

रानजाई (धागाकर्ती)

गर्भारपणात नोकरी कशी सांभाळावी यावर मिळणारे सल्ले बहुतेक पोट दिसायला लागल्यानंतरचे असतात. खुर्ची कशी हवी, रजेचा अर्ज कधी टाकावा, पायांवर सूज आली तर काय. बाळाचं शरीर मात्र त्याच्या कितीतरी आधी आकार घेतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत कामाच्या जागी कुणाला काही माहीत नसतं. हा धागा त्या आठवड्यांसाठी काढला आहे.

आधी मोजणी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तिथून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर गर्भधारणा दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस होते. त्यामुळे पाळी चुकली त्याच दिवशी चाचणी केली आणि दोन रेघा दिसल्या, तर ४ आठवडे आधीच झालेले असतात. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती ६ आठवड्यांच्या सुमारास बंद होते. १० आठवड्यांपर्यंत मुख्य अवयवांची मांडणी उरकलेली असते. दोन रेघांपासून तिथपर्यंत जेमतेम दीड महिना हातात असतो.

म्हणून माझ्या मते क्रम असा हवा: चाचणीच्या दिवशीच फॉलिक अ‍ॅसिड आणि चालू औषधांची चौकशी, त्याच आठवड्यात कामातले धोके, मग डॉक्टर आणि पहिली सोनोग्राफी, मग कुणाला कधी सांगायचं, आणि त्यानंतर रजा, पैसे, बाळाची सोय. बऱ्याचदा सुरुवात शेवटून होते, पाळण्याचा रंग आधी ठरतो आणि हाताखालच्या रसायनाचा विचार राहून जातो.

रुग्णालय, कारखाना, मनुष्यबळ विभाग, पाळणाघर अशा ठिकाणचं काम माहीत असलेल्यांनी भर घालावी. अनुभवकथनासाठी दुसरे धागे आहेत, इथे वापरता येईल अशी माहिती द्या.

मोगरा_वॉर्ड

धागा चांगला आहे. औषधांपासून सुरू करते.

फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, शक्यतो गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून, १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा जन्मदोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डॉक्टर मोठा डोस देतात, बहुधा ५ मिलिग्रॅम. तो ४०० मायक्रोग्रॅमच्या बारा पटींहून जास्त आहे, तेव्हा गोळीच्या पाकिटावर मायक्रो आहे की मिलि, हे नीट वाचा. आधी घेतलं नसेल तर 'आता काय उपयोग' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी सुरू करा.

चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत. फिट्स, दमा, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य यांची औषधं अचानक थांबवली तर आई आणि गर्भ दोघांनाही धोका असतो. पण फोन मात्र त्याच दिवशी करायचा. व्हॅल्प्रोएट, वॉरफरिन, मेथोट्रेक्सेट, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन आणि 'प्रिल'ने नाव संपणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या यांचा निर्णय पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू शकत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तरीही लगेच कळवा, कारण पहिल्या काही आठवड्यांतच तिचा डोस बहुतेकदा वाढवावा लागतो. डोकं दुखलं, अंग दुखलं तर पॅरासिटामॉल, लागेल तेवढंच. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळा.

चाचणीबद्दल: सकाळची पहिली लघवी वापरा आणि सूचनापत्रात दिलेल्या वेळेतच निकाल वाचा. पट्टी वाळल्यावर उमटलेली राखाडी रेघ धरू नका. वेळेत दिसलेली रंगीत रेघ फिकट असली तरी ती 'हो'च असते. शंका असेल तर दोन दिवसांनी पुन्हा करा, कारण सुरुवातीला एचसीजी हे संप्रेरक साधारण ४८ ते ७२ तासांत दुप्पट होतं.

कोवळी_उन्हं

आधीपासून मल्टिव्हिटॅमिन चालू आहे, त्यात फॉलिक आहेच. वेगळं घ्यावं लागेल का?

मोगरा_वॉर्ड

@कोवळी_उन्हं, त्यात ४०० मायक्रोग्रॅम असेल तर वेगळी गोळी नको. मात्र त्याच पाकिटावर 'अ' जीवनसत्त्व कोणत्या रूपात आहे ते बघा. रेटिनॉल असेल तर दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० आययूच्या (आंतरराष्ट्रीय एकक) वर जाता कामा नये, जास्त झालं तर गर्भाला बाधक ठरतं. बीटा कॅरोटीनचं तसं नाही. गडबड होते ती दोन-तीन पूरक गोळ्या एकावर एक घेतल्याने. गर्भवतींसाठी बनवलेली एकच गोळी ठेवा, बाकीच्या डॉक्टरांना दाखवा.

लोहाबद्दल हेही इथेच सांगते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. चहा-कॉफीचंही तेच. लोहाने मळमळ फार वाढत असेल तर डॉक्टरांना विचारून ते दुसऱ्या तिमाहीपर्यंत पुढे ढकलता येतं, हिमोग्लोबिन ठीक असेल तर. फॉलिक मात्र ढकलायचं नाही.

हेल्मेट_आणि_हातमोजे

कारखाना, प्रयोगशाळा, छपाई, ब्यूटी पार्लर, शेती, ड्रायक्लीनिंग, रुग्णालय. यातल्या कुठल्याही कामात असाल तर हा प्रतिसाद तुमच्यासाठी.

पहिलं काम: दिवसभरात हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक डब्याचं नाव लिहा. वापरत नसाल पण शेजारच्या टेबलावर उघडा असतो, तोही. मग प्रत्येकाचं सुरक्षा माहितीपत्रक मागवा. ते १६ भागांचं असतं. सगळं वाचायची गरज नाही. भाग २ मध्ये तीन संकेत शोधा: एच३६० (प्रजननक्षमतेला किंवा गर्भाला अपाय करू शकतं), एच३६१ (तसा संशय आहे) आणि एच३६२ (स्तनपान घेणाऱ्या बाळाला अपाय करू शकतं). डब्यावर लाल चौकटीत छातीवर तारा फुटल्यासारखी माणसाची आकृती असेल तर तो डबा यादीत सगळ्यात वर. मग भाग ८ मध्ये हवेतल्या प्रमाणाची मर्यादा आणि कोणता हातमोजा, कोणता मास्क ते असतं.

नेहमी सापडणारे दोषी: शिसं, पारा, टोल्युइनसारखी सेंद्रिय द्रावकं, काही ग्लायकॉल इथर, निर्जंतुकीकरणाचा इथिलीन ऑक्साइड वायू, कर्करोगाची औषधं मिसळणं, शस्त्रक्रियागृहात शोषून न घेतलेला नायट्रस ऑक्साइड, कीटकनाशकं.

आता चुका कुठे होतात ते. कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही, तो थेंब आणि धूळ थोडीफार अडवतो. द्रावकाच्या वाफेसाठी सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज (मास्कला लावायची गाळणी) लागतं, आणि तेही चेहऱ्यावर घट्ट बसलं तरच उपयोगी. हातमोजा पातळ असेल तर काही द्रावकं मिनिटांत आरपार जातात आणि वरून मोजा कोरडाच दिसतो. म्हणून मास्क-मोजे हा शेवटचा उपाय. आधी ते काम दुसऱ्याकडे देणं, पदार्थ बदलणं, वाफ जिथे निघते तिथेच शोषणारी व्यवस्था करणं, मग कामाची पाळी बदलणं. पहिल्या दहा आठवड्यांत 'काम बदलून द्या' यासारखा खात्रीचा उपाय नाही.

शिशाचं आणखी एक: ते हाडांत साठतं आणि गर्भारपणात हाडांतून परत रक्तात येतं. पूर्वी शिशाचं काम केलं असेल आणि आता सोडलं असेल तरी रक्तातलं शिसं तपासून घ्या. घरातलं दुसरं कुणी असं काम करत असेल तर त्याने कपडे, बूट कामावरच बदलावेत, घरचे कपडे त्यात मिसळून धुऊ नयेत. बाळाच्या खोलीचा जुना रंग खरवडायचं काम गर्भवतीने करू नये, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

तळ्यातमळ्यात

क्ष-किरण विभागात काम करणाऱ्यांचं काय? आणि कॉम्प्युटर, वायफाय, मोबाइल?

हेल्मेट_आणि_हातमोजे

कॉम्प्युटर, वायफाय, मोबाइल यांच्या लहरी क्ष-किरणांसारख्या आयनीकारक (अणूतले इलेक्ट्रॉन काढण्याइतक्या जोरदार) नसतात, त्यांच्यासाठी कामात काही बदलायची गरज नाही. पोटावर बांधायचे 'किरणरोधक' पट्टे विकत घेऊ नका.

क्ष-किरणांचं वेगळं. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची शिफारस अशी की गर्भारपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला कामामुळे मिळणारी जादा मात्रा सुमारे १ मिलिसिव्हर्टच्या (किरणांची मात्रा मोजायचं एकक) वर जाऊ नये. तुलनेसाठी, निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. यात कळीचा शब्द 'कळवल्यानंतर'. न कळवता ही मर्यादा लागू होत नाही. कळवल्यावर किरणांची मात्रा मोजणारा दुसरा बॅज मागा, तो शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आत, कमरेच्या पातळीवर लावायचा, आणि त्याचं वाचन दर महिन्याला लेखी मागायचं. अ‍ॅप्रन मागून उघडा असेल तर यंत्राकडे पाठ करून उभं राहू नका.

वजन उचलण्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या निऑश संस्थेची तात्पुरती मार्गदर्शक मर्यादा अशी: तब्येत ठीक असेल, अधूनमधूनच उचलायचं असेल आणि वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर असेल तर पहिल्या २० आठवड्यांत १६ किलोच्या आसपास, पुढे १२ च्या आसपास. दिवसभर सतत उचलायचं असेल तर पहिल्या टप्प्यातही ८ किलोच. हात लांब करून किंवा जमिनीवरून उचलायचं असेल तर आकडा आणखी खाली.

गोंगाटात एक लक्षात ठेवा, कानातले बोळे तुमचे कान वाचवतात, पोटाला त्यांचा काही उपयोग नाही.

पाटीपेन्सिल

लहान मुलांच्या शाळेत किंवा पाळणाघरात काम असेल तर कोणत्या साथींना जपायचं?

मोगरा_वॉर्ड

चार नावं लक्षात ठेवा: रुबेला, कांजिण्या, पार्वोव्हायरस (गाल लाल होण्याचा ताप) आणि सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस).

रुबेला आणि कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असते, ती गर्भारपणात देत नाहीत. म्हणून बाळाचा विचार सुरू असतानाच प्रतिकारशक्तीची रक्तचाचणी करा, नसेल तर लस घ्या आणि त्यानंतर महिनाभर थांबा. आधीच गर्भवती असाल तर रक्तातलं आयजीजी (प्रतिकारशक्ती आहे का ते दाखवणारी प्रतिपिंडं) तपासून घ्या. आहे म्हटल्यावर त्या आजाराची काळजी मिटली.

वर्गात कांजिण्या निघाल्या आणि तुम्हाला त्या कधी झाल्या नसतील किंवा खात्री नसेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा. संपर्कानंतर १० दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देता येतं, जितकं लवकर तितकं बरं. अंगावर पुरळ यायची वाट पाहिली तर ती संधी जाते.

सीएमव्हीबद्दल फार कमी बोललं जातं. तो लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत असतो, मूल अगदी ठणठणीत दिसत असताना. लंगोट बदलल्यावर, नाक-तोंड पुसल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवा, मुलाचा चमचा-पेला वापरू नका, पापा ओठांऐवजी डोक्यावर घ्या. घरी आधीचं लहान मूल असेल तरी हेच.

मांजराची मातीची पेटी दुसऱ्या कुणीतरी रोज साफ करावी. त्यातल्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीला बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, रोज साफ केली तर त्याला तेवढा वेळच मिळत नाही.

सांजपाळी

मळमळ आणि झोप यांवर कुणी बोललं नाही. कामावर सगळ्यात जास्त अडतं ते तिथे.

मळमळ साधारण ५-६ आठवड्यांना सुरू होते, ९ च्या आसपास शिगेला पोचते आणि बहुतेकांची १६ ते २० पर्यंत ओसरते. कॅलेंडरवर हे आठवडे आधीच खुणावून ठेवा. मोठं सादरीकरण, प्रवास, रात्रपाळी यांपैकी जे हलवता येईल ते ८ ते ११ या आठवड्यांतून बाहेर काढा.

पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते. म्हणून दर दीड-दोन तासांनी मूठभर कोरडं काहीतरी, अंथरुणातून उठायच्या आधीही. जेवताना पाणी कमी, दोन जेवणांच्या मध्ये घोटघोट. आलं बऱ्याच जणींना मानवतं. तेवढ्याने भागलं नाही तर बी६ जीवनसत्त्व, आणि त्यानेही नाही तर डॉक्सिलामिनसोबत बी६, ही जोडी डॉक्टर देतात. ती बराच काळ वापरात आहे आणि गर्भारपणात सुरक्षित मानली जाते. पण डॉक्सिलामिनने झोप येते, त्यामुळे यंत्र किंवा गाडी चालवणाऱ्यांनी पहिला डोस सुट्टीच्या आदल्या रात्री घ्यावा.

टेबलाच्या खणात ठेवायचं: न गळणाऱ्या बंद पिशव्या, ओले रुमाल, पाण्याची बाटली, जादा वरचा कपडा. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नका, आम्लाने दातांचं कवच मऊ झालेलं असतं. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने.

झोपेसाठी कॉफीचे कप वाढतात तिथे सांभाळा. कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत. एका कप इन्स्टंट कॉफीत १०० च्या आसपास, चहात ७५ च्या आसपास, आणि मोठ्या मगात दोन कप मावतात.

लघवी मात्र रोखू नका, मीटिंगमधून उठा. मूत्रपिंडातून गाळलं जाणारं रक्त गर्भारपणात जवळजवळ दीडपट होतं, वारंवार जावं लागणारच. कमी पाणी पिऊन हा प्रश्न सुटत नाही, उलट संसर्ग होतो.

मोगरा_वॉर्ड

सांजपाळी यांच्या यादीला सीमारेषा जोडते. २४ तास पाणीही टिकलं नाही, ८ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद झाली, किंवा वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं (६० किलोची बाई असेल तर ३ किलो), तर ही नेहमीची मळमळ राहिली नाही. सलाइन लागू शकतं, त्याच दिवशी जा.

कामावरून थेट रुग्णालय गाठायची लक्षणं: रक्तस्राव, ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, भोवळ येऊन पडणं. गर्भ नळीत रुजला असेल तर अशीच सुरुवात होते, आणि गर्भाशयातच गर्भ आहे हे सोनोग्राफीत दिसेपर्यंत ही शक्यता मिटलेली नसते. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर त्याच दिवशी फोन. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर रक्तस्रावानंतर अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का ते ७२ तासांच्या आत ठरवावं लागतं, म्हणून रक्तगटाचा कागद पर्समध्ये ठेवा.

पानगळ

ऑफिसात १२ आठवड्यांच्या आधी सांगू नये, हा नियम सरसकट पाळावा असं वाटतं. आधी सांगून मग काही झालं तर सगळ्यांना उत्तरं देत बसावं लागतं.

रानजाई (धागाकर्ती)

@पानगळ, तुमचं म्हणणं समजतं, पण सरसकट नको. टेबलावरचं काम असेल, मळमळ आवाक्यात असेल तर १२-१३ आठवडे थांबणं ठीक. हेल्मेट_आणि_हातमोजे यांनी लिहिलेल्यापैकी काही कामात असेल तर १२ आठवडे थांबणं म्हणजे जपायचा काळ संपल्यावर जपायला लागणं. तिथे चाचणीच्याच आठवड्यात सांगायला हवं, पण सगळ्यांना नाही. ज्याच्या सहीने काम बदलतं त्या एकाच माणसाला, किंवा कंपनीच्या डॉक्टरांना.

गर्भपाताबद्दल स्पष्ट लिहिते, कारण त्याच्या भीतीने गप्प राहणाऱ्या पुष्कळ आहेत. समजलेल्या गर्भधारणांपैकी १० ते २० टक्के टिकत नाहीत, त्यातल्या बहुतेक पहिल्या तिमाहीत. सुमारे निम्म्यांत कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. रोजचं साधं काम, जिना, कामावरची एखादी वादावादी यामुळे ते होत नाही. कुणाला सांगायचं हे ठरवताना एवढंच विचारा: वाईट झालं तर या माणसाला कळलेलं मला चालेल का, आणि त्या दिवशी रजा मागायला मला याची गरज पडेल का. ज्यांच्यासाठी दोन्ही उत्तरं 'हो' आहेत, त्यांना लवकर सांगा.

नोंदवही

मनुष्यबळ विभागाच्या बाजूने भर. तोंडी सांगा, पण त्याच दिवशी लेखीही द्या. तारीख असलेला कागद नसेल तर पुढे 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे उत्तर येऊ शकतं. मजकूर इतकाच पुरे:

'मी सध्या ७ आठवड्यांची गर्भवती असून प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. माझ्या सध्याच्या कामात अमुक पदार्थाशी संपर्क येतो. त्याच्या माहितीपत्रकातील भाग २ ची प्रत जोडली आहे. आजपासून मला या कामातून वगळून पर्यायी काम द्यावे. या बदलामुळे माझे वेतन, पद व सेवाकाळ यांवर परिणाम होणार नाही, याची लेखी खात्री द्यावी. ही माहिती कृपया आपल्यापुरती ठेवावी. अमुक तारखेपर्यंत उत्तर अपेक्षित आहे.'

तपासण्यांचे अहवाल, आधीच्या गर्भारपणाचा इतिहास, असलं काही जोडू नका. प्रमाणपत्रात आठवडे, अपेक्षित तारीख आणि कामावरचं बंधन या तीनच गोष्टी हव्यात. 'हलकं काम द्यावे' असं मोघम लिहून आणू नका, त्याचा अर्थ प्रत्येक वरिष्ठ आपापल्या सोयीने लावतो. 'सलग एका तासाहून जास्त उभे राहू नये', 'रात्रपाळी नको', '८ किलोहून जास्त उचलू नये' असं नेमकं लिहून घ्या.

रजेचा हिशेब पहिल्या सोनोग्राफीनंतरच करा. ७ ते १३ आठवड्यांत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून काढलेलं वय सगळ्यात भरवशाचं. पाळीच्या हिशेबात आणि त्यात आठवड्याहून जास्त फरक पडला तर डॉक्टर तारीख बदलतात. बदललेली तारीख ऑफिसला कळवायचं राहून गेलं की रजेची कागदपत्रं जुळत नाहीत.

किती रजा मिळते ते तुमच्या देशाच्या कायद्यावर आणि करारावर आहे. मोजपट्टी म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा १८३ क्रमांकाचा करार बघा: किमान १४ आठवडे रजा, त्यातले ६ आठवडे बाळंतपणानंतर सक्तीचे, आणि त्या काळात आधीच्या कमाईच्या किमान दोन तृतीयांश रक्कम. सोबतच्या १९१ क्रमांकाच्या शिफारशीत १८ आठवडे आहेत. तुमच्या ठिकाणचे नियम वाचताना पाच प्रश्नांची उत्तरं लिहून काढा: पात्रतेसाठी किती महिने नोकरी लागते, किती दिवस आधी सूचना द्यायची, बाळंतपणाआधी किती रजा घेता येते, न वापरलेली पुढे जोडता येते का, आणि रजेत विमा, बढती, वेतनवाढ यांचं काय होतं. विम्यात बाळंतपणासाठी प्रतीक्षाकाळ असतो का आणि नवजात बाळाचं नाव किती दिवसांत घालावं लागतं, हेही याच वेळी विचारा. ती मुदत बाळंतपणाच्या धामधुमीत निघून जाते.

कामाची हस्तांतर-वही २८ व्या आठवड्यापासून लिहायला घ्या आणि ३४ व्यापर्यंत पुरी करा. ठरल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. प्रत्येक कामापुढे चार रकाने: पुढची पायरी, मुदत, कागद कुठे आहेत, कुणाला विचारायचं. ज्याच्याकडे काम जाणार त्याने तुमच्यासमोर एकदा ते करून बघावं, न लिहिलेल्या गोष्टी तेव्हाच सापडतात.

सांजपाळी

तपासण्यांसाठी कुठल्या दिवसांची सुट्टी लागणार ते आधीच माहीत असतं, ते कॅलेंडरवर टाकून ठेवा. ६ ते ८ आठवड्यांना पहिली सोनोग्राफी आणि रक्त-लघवी. ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस यांत मानेमागचं पाणी मोजणारी एनटी सोनोग्राफी; हिची खिडकी अरुंद आहे, गर्भ ४५ ते ८४ मिलिमीटरचा असतानाच ती करता येते, म्हणून वेळ महिनाभर आधी घ्या. १८ ते २२ ला अवयवांची तपासणी. २४ ते २८ ला साखरेची चाचणी. ग्लुकोज पिऊन ठरलेल्या अंतराने रक्त देत दोन-तीन तास जातात, त्या दिवशी अर्धी सुट्टी टाका. २७ ते ३६ मध्ये डांग्या खोकल्याची लस.

दिवसभर बसून काम असेल तर तासातून एकदा उठून चाला, गर्भारपणात पायात रक्ताची गुठळी व्हायची शक्यता वाढलेली असते. चार तासांहून लांबचा विमानप्रवास असेल तर कडेची जागा. गाडीत पट्टा लावायचाच: खालचा पोटाखालून मांड्यांच्या वरच्या हाडांवर, वरचा दोन स्तनांच्या मधून. पोटावरून आडवा कधीच नाही.

पाटीपेन्सिल

कामावर परतल्यावर दुधाचं गणित कसं बसवायचं?

मोगरा_वॉर्ड

जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने फक्त आईचं दूध सांगते, आणि रजा बहुतेक ठिकाणी त्याआधी संपते. म्हणून परतायच्या दोन-तीन आठवडे आधी दूध काढायची सवय करा. कामावर साधारण दर तीन तासांनी, म्हणजे आठ तासांच्या पाळीत दोन-तीनदा, प्रत्येक वेळी १५-२० मिनिटं आणि धुण्या-आवरण्याची दहा. ही वेळ आणि कडी लागणारी, वीज असलेली जागा रजेवर जायच्या आधीच लेखी ठरवून घ्या. स्वच्छतागृह ही त्यासाठीची जागा नव्हे.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये उत्तम ६ महिने. उन्हाळ्यात खोली २५ च्या वर असेल तर सरळ फ्रिज. दारातल्या कप्प्यात ठेवू नका, तिथे तापमान सारखं हलतं. ६० ते १२० मिलिलिटरच्या छोट्या भागांत गोठवा, वाया कमी जातं. फ्रिजमध्ये वितळवलेलं २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मध्येच कढत राहतं आणि बाळाचं तोंड भाजतं.

पंपाच्या फनेलचं (स्तनावर बसणारा भाग) माप चुकलं की दुखतं आणि दूधही कमी निघतं. माप बाळंतपणानंतर घ्या, आधी घेतलेलं बदलतं.

कोवळी_उन्हं

आणि खरेदी? याद्या पाहून घाबरायला होतं.

नोंदवही

पैशाच्या बाजूने सांगायचं तर पहिल्या तिमाहीत खरेदी काहीच नको, फक्त तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला पडायला लागू दे. पाळणाघराची यादी मात्र आत्ताच बघा, तान्ह्यांच्या जागा कमी असतात आणि नाव लवकर घालावं लागतं. तिथे विचारायचं: तान्ही बाळं एका वर्गात किती, त्यांच्यामागे माणसं किती, झोपवताना पाठीवर झोपवतात का, काढलेलं दूध कसं ठेवतात, ताप आला तर किती वेळात न्यायला यावं लागतं. हा शेवटचा प्रश्न दोघांच्या नोकरीच्या वेळांशी ताडून पाहा.

सांजपाळी

लंगोट दिवसाला ८ ते १२ लागतात, पण सगळ्यात लहान मापाचं एकच पाकीट घ्या. कपडे ६ ते ८ जोड. पाळण्याच्या गजांत ६ सेंटिमीटरहून जास्त अंतर नको. गादी टणक आणि सपाट, गादी नि कड यांच्यात दोन बोटंही जाऊ नयेत. उशी, गुबगुबीत कड, मऊ खेळणी, सैल पांघरूण काही नको. बाळाला पाठीवर, आई-बाबांच्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर झोपवायचं.

तळ्यातमळ्यात

नवऱ्याने यातलं काय उचलावं? मदत करायची इच्छा आहे, पण कुठून सुरू करावं कळत नाही.

रानजाई (धागाकर्ती)

@तळ्यातमळ्यात, तुमच्या नोकरीतली पितृत्व रजा, तिची सूचना किती आधी द्यायची हे या आठवड्यात वाचा, आणि एनटी आणि अवयवांच्या सोनोग्राफीचे दोन दिवस स्वतःच्या कॅलेंडरवर अडवा. मांजराची पेटी, रंगकाम, कीटकनाशकाची फवारणी, तीव्र वासाची साफसफाई तुमच्याकडे. घरात सिगारेट कुणी ओढत असेल तर ते आजपासून बंद, गॅलरीतही. फॉलिकच्या गोळ्या संपत आल्या की आणणं तुमचं काम, आठवण करून द्यायला लागू नये.

बाळाला हाताळणाऱ्या सगळ्यांना, म्हणजे तुम्हाला आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांनाही, डांग्या खोकल्याची लस जन्माच्या किमान दोन आठवडे आधी झालेली असावी. त्याचा पाठपुरावा तुम्ही करा, बायकोने फोन करत बसू नये.

गाडी असेल तर मागच्या बाजूला तोंड असलेली तान्ह्याची खुर्ची ३५ व्या आठवड्यापर्यंत आणून बसवून बघा. ज्या सीटसमोर एअरबॅग चालू आहे तिथे ती कधीच लावायची नाही. बसवल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा, कुठल्याही दिशेला अडीच सेंटिमीटरहून जास्त हलली तर पट्टा सैल आहे. गुडघ्याने खुर्ची दाबून धरा, पट्टा ओढा आणि पुन्हा हलवून पाहा.